आधी गुरुजीला हाकला!

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळायचे, अशी चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. वाचकहो, हा लेख तुम्ही ते कारीट समजा. अंकात इतरत्र गोडधोड भरपूर असेल, तेव्हा एवढा कडू थेंब सहन करावा. मी शाळामास्तर आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. फुटबॉलमधला माझा अधिकार म्हणाल, तर मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडण्यापलीकडे काही नाही. परंतु आजचा विषयच मुळी कडेला उभे राहून ओरडणाऱ्यांचा आहे. त्या बाबतीत मी अगदी अधिकारी पुरुष ठरतो!

गोष्ट १४ ऑक्टोबर २०२५ ची. दिवाळी सहा दिवसांवर आली होती. आमच्या एकोडीत हलके धान कापणीला आले होते आणि घराघरांतून करंज्यांचा वास सुटला होता. पानठेल्यावर पाच-सहा पोरे एका मोबाईलवर वाकून बसली होती. मडगावच्या फातोर्डा मैदानावर आशिया चषकाच्या पात्रता फेरीचा भारत-सिंगापूर सामना चालू होता. छांगटेने चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा ठेल्यावरची खर्ऱ्याची पाकिटेसुद्धा नाचली. मग सिंगापूरने एक गोल फेडला, नंतर दुसरा चढवला, आणि सामना १-२ असा गेला. चार सामन्यांत अवघे दोन गुण पदरी पडून आशिया चषकाचे दार आपल्याला बंद झाले.

शिट्टी वाजते न वाजते तोच पोरांचा निकाल तयार होता. "याले आधी हाकला! कोच बदलवा!"

त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. मला पाहून म्हणाला, "गुरुजी, तुमीच सांगा, असा कोच कायले ठेवाचा?"

मी म्हटले, "अरे, याला येऊन अडीच महिने झाले. याच्या आधीचा काढला तेव्हाही तू हेच म्हणालास, त्याच्या आधीचा काढला तेव्हाही हेच."

"मंग का झाला जी? हाराचा असन त जागा खाली कराची!"

पोरगा भाबडा आहे, त्याचे मला काही वाटले नाही. वाईट याचे वाटते की जे हा सतरा वर्षांचा पोरगा पानठेल्यावर बसून बोलला, तेच देशातले शहाणेसुरते लोक वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून रोज बोलत असतात. गुण कोणीही गमावोत, गुरुजीला हाकला! हे आपले राष्ट्रीय औषध झाले आहे. ताप आला तरी तेच, पाय मोडला तरी तेच.

आता मास्तराच्या सवयीने हिशेब फळ्यावर मांडतो. फुटबॉलमध्ये जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक, हरल्यास शून्य, इतके साधे गणित आहे. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताच्या गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान होते. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी कुवेतमध्ये जाऊन आपण १-० असे जिंकलो. तीन गुण. त्यानंतर भुवनेश्वरला कतारकडून ०-३ अशी हार. मार्च २०२४ मध्ये अफगाणिस्तानशी सौदी अरेबियात गोलशून्य बरोबरी, एक गुण. आणि पाचच दिवसांनी गुवाहाटीत त्याच अफगाणिस्तानकडून १-२ अशी हार. ६ जूनला कलकत्त्यात कुवेतशी पुन्हा गोलशून्य बरोबरी, एक गुण. हाच सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना. शेवटी ११ जूनला दोह्यात कतारकडून १-२ अशी हार, आणि तीही अशी की रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला गोल पंचांनी मान्य केला. सहा सामने, पाच गुण. पुढच्या फेरीला गेलेल्या कुवेतचे सात.

म्हणजे गुवाहाटीत एक सामना जिंकला असता तर बेरीज आठ झाली असती. एवढे थोडके अंतर होते! आणि अंतर थोडके असले की माणसाचा राग मोठा होतो. सहा दिवसांत, १७ जून २०२४ रोजी, प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना काढून टाकण्यात आले. त्यांचा करार २०२६ पर्यंत होता, म्हणून भरपाई द्यावी लागली. वृत्तपत्रांनी तिचा आकडा चार लाख डॉलर असा दिला. तेवढ्या पैशात खेड्यापाड्यांतल्या शाळांना किती फुटबॉल आले असते, हे गणित सातवीच्या मुलांना घालण्यासारखे आहे.

बरे, हे स्टिमॅक कोण? २०२३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ज्यांच्या हाताखाली भारताने भुवनेश्वरला आंतरखंडीय चषक आणि बंगळूरला दक्षिण आशियाई चषक जिंकला, आणि जागतिक क्रमवारीत ९९ वा क्रमांक गाठला, तेच हे. तेव्हा आपण त्यांना डोक्यावर घेतले होते. मग जुलै २०२४ मध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ आले. त्यांच्या वाट्याला आठ सामने आले, त्यांतला मालदीवविरुद्धचा एक तेवढा जिंकला. जुलै २०२५ मध्ये तेही गेले. क्रमवारी १३३ वर घसरली. १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील आले आणि ऑक्टोबरात आमच्या पानठेल्याने त्यांचाही निकाल लावून टाकला.

वाचकहो, इथे घटकाभर थांबा. ज्या मार्केझना भारताच्या संघाकडून आठांत एकच सामना जिंकता आला, तेच त्याच हंगामात एफसी गोवा या संघाचेही प्रशिक्षक होते. त्या संघाला त्यांनी मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकून दिला! माणूस तोच, डोके तेच, महिनेही तेच. आणि खालिद जमील? मिझोरामच्या ऐजॉल या छोट्या संघाला २०१७ साली देशाचे विजेतेपद मिळवून देणारा हा आपल्या मुंबईच्या मैदानावरचा माणूस. एक क्रमवारी ९९ वर नेणारा, दुसरा गोव्याला चषक देणारा, तिसरा ऐजॉलला विजेता करणारा. हे तिघेही राष्ट्रीय संघाच्या बाकावर बसताच एकाएकी मूर्ख झाले, असे म्हणायचे काय? एका विहिरीतून तीन निरनिराळ्या माणसांनी पोहरा ओढला आणि तिन्ही वेळा तो रिकामा आला, तर चौथा माणूस शोधायचा, की वाकून विहिरीत पाणी आहे का ते पाहायचे?

आम्ही झाडीपट्टीची माणसे. आमचे सारे शहाणपण धानाच्या बांधीतले. मृग लागला की पऱ्हे टाकायचे, ते हाताच्या वीतभर झाले की चिखलात रोवणी करायची, आणि मग दिवाळीच्या सुमारास कापणी. ज्याने पऱ्हेच टाकले नाहीत, त्याने कापायला आलेल्या मजुराच्या अंगावर "धान कुठे आहे?" म्हणून ओरडावे, असा येडा शेतकरी आमच्या भागात अजून जन्मायचा आहे. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक हा कापणीचा मजूर आहे. त्याच्या हाती खेळाडू येतात ते सामन्याआधीच्या थोड्या दिवसांसाठी. ते घडलेले असतात दुसरीकडे, शाळांत, तालमींत, क्लबांत. किंवा घडलेलेच नसतात.

गोल कोण करणार, एवढ्याच प्रश्नाचे उदाहरण घ्या. २००५ पासून एकोणीस वर्षे गोल करण्याचे काम देशाने एका सुनील छेत्रीवर टाकले होते. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात आपण तीन सामने खेळलो आणि तिन्हींत मिळून आपला एकही गोल झाला नाही. जूनमध्ये छेत्री निवृत्त झाला, आणि मार्च २०२५ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यालाच परत बोलवावे लागले. का? कारण आपल्या मोठमोठ्या क्लबांतून ती पुढची जागा वर्षानुवर्षे परदेशी खेळाडूंना दिली गेली. त्यात क्लबांचाही फार दोष नाही, त्यांना उद्याचा सामना जिंकायचा असतो. परंतु ज्या जागेवर आपला मुलगा रविवारी कधी उभाच राहिला नाही, त्या जागेवरून त्याने मंगळवारी देशासाठी गोल करावा, ही अपेक्षा कोणत्या शास्त्रात बसते? आणखी ऐका. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मुले सिंगापूरशी खेळत होती, तेव्हा देशाची मुख्य लीग सुरूच झालेली नव्हती. करारमदाराच्या घोळात ती अडकली होती. परीक्षा आली आणि शाळाच उघडलेली नाही! अशा वेळी नापास कोणाला करावे?

पण हे असे खोल जाऊन पाहणे आपल्याला परवडत नाही. लीग का अडकली, पोरांना मैदान का नाही, हे विचारायचे तर उत्तर द्यायला पुष्कळ माणसे उभी करावी लागतील, आणि त्यांत शेवटी आपलाही नंबर लागेल. त्यापेक्षा एक मान कापलेली सोपी. मान कापणाराला वाटते आपण कर्तव्य केले, बघ्यांना वाटते न्याय झाला, आणि ज्यांच्या चुकीने सारे घडले ते गर्दीत मिसळून टाळ्या वाजवतात. दिवाळीत बळिप्रतिपदेला आपण "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" म्हणतो. मैदानावर मात्र बळीचे राज्य नको, नुसता बळी हवा!

याच देशाने एके काळी दुसरा धडा दाखवला होता. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट मी माझ्या जातभाईंच्या वतीने जरा छाती काढूनच सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांचा संघ गेला आणि युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. दहा गोल! आजच्या पानठेल्याने रहीमसाहेबांना विमानतळावरूनच परत पाठवले असते. त्या वेळी काय झाले? आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. दोष पायांत होता, तो पायांतच दुरुस्त केला, डोके उडवले नाही. चार वर्षांनी तेच रहीमसाहेब संघ घेऊन मेलबर्नला गेले. मुंबईच्या मैदानांवर नाव काढलेल्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले, आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा गेला. तेव्हाही कोणी गुरुजीला हाकलले नाही. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक घेतले. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. जून १९६३ मध्ये ते वारले.

त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये आला. आमच्या भागातली पोरे तो पाहून डोळे पुसत बाहेर आली. प्रशिक्षकाला संधी द्यायला पाहिजे, असे त्यांनी मला पटवून सांगितले. एप्रिलमध्ये डोळे पुसले आणि जूनमध्ये गळा धरला! रडण्याला तीन तास पुरतात, वाट पाहण्याला वर्षे लागतात.

हा रोग फुटबॉलचा नव्हे आणि आजचाही नव्हे. १९७१ साली आपल्या अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांना त्यांच्याच घरी जाऊन हरवले, तेव्हा इंदूरला त्या विजयाची सिमेंटची प्रचंड बॅट उभारण्यात आली. १९७४ मध्ये तोच कर्णधार इंग्लंडला तिन्ही कसोटी हरला, लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव आटोपला, आणि लोकांनी त्याच बॅटला काळे फासले. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले. ते निवृत्त झाले. पुढे नव्वदच्या दशकात तेच भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले आणि मायदेशी मालिकेमागून मालिका जिंकल्या गेल्या. मग १९७४ साली आपण काळे फासले ते कोणाच्या तोंडाला?

आमच्या पोरांच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचे लाल सदरे असतात, म्हणून त्यांच्याच देवळातला दाखला देतो. ॲलेक्स फर्ग्युसन तिथे नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. पहिला चषक १९९० साली मिळाला. मधल्या काळात "चालते व्हा" असे फलक घेऊन लोक मैदानात बसत. मालकांनी ते ऐकले नाही, आणि फर्ग्युसननी तेरा वेळा लीग जिंकून दिली. २०१३ साली ते निवृत्त झाले. त्यानंतर २०२५ पर्यंत त्या क्लबाने एकामागून एक सहा कायम व्यवस्थापक आणले, पण लीगचे विजेतेपद एकदाही आले नाही.

आता यावर कोणी विचारील, "काय हो मास्तर, मग नालायक माणसाला जन्मभर पोसायचे काय? शिक्षकाला जाब विचारायचाच नाही?" प्रश्न रास्त आहे. जाब जरूर विचारावा. मीही मास्तर आहे, आणि ज्याला कोणीच जाब विचारत नाही तो मास्तर लवकर आळशी होतो, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. कधीकधी माणूस बदलावाही लागतो. ३१ जानेवारी २०२० रोजी एफसी गोवाने आपले प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना काढले, तेही संघ गुणतक्त्यात पहिला असताना. क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माणसाने उरलेले सामने सांभाळले, आणि गोवा पहिलाच राहिला. हाकलून काही बिघडले नाही, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण का बिघडले नाही? गोव्यात गावोगावी चर्चच्या पुढ्यातल्या मैदानांवर पोरे पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत, बांधीत पऱ्हे होते म्हणून मजूर बदलला तरी पीक आले. आणि काढलेले लोबेरा? त्यांनी पुढच्याच हंगामात मुंबई सिटीला लीगची ढाल आणि चषक दोन्ही मिळवून दिले. त्यांतला चषक मार्च २०२१ मध्ये आला, तोही फातोर्ड्याच्याच मैदानावर! तेव्हा माणूस बदलायचा तर खुशाल बदला. परंतु आधी हिशेब मांडा, त्याच्या हाती काय दिले होते ते लिहा, आणि त्याच कागदावर आपल्या स्वतःच्या नावापुढेही एक रकाना ठेवा.

तो रकाना मी आज भरणार आहे. इतका वेळ दुसऱ्यांना बोल लावला, आता माझी पाळी.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने ठरवले की दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे, आणि त्यासाठी शाळाशाळांतून फुटबॉल वाटले. तेव्हा मी ज्या शाळेत होतो, तिथेही ते आले. बहुतेक ठिकाणी तो दिवस साजरा झाला, फोटो निघाले, आणि चेंडू कपाटात गेले. आमच्याकडे एका शिक्षकाने ते कपाटात जाऊ दिले नाहीत. ते गणित शिकवत, क्रीडाशिक्षक नव्हते. त्यांनी रोज शाळा सुटल्यावर पोरांना मैदानात नेले. मैदान म्हणजे बैल चरत ती मोकळी जागा. गोलासाठी बांबू रोवले. नियम स्वतः पुस्तकात वाचले आणि मग शिकवले. मागच्या बाकावर बसणारा, महिन्यातून दहा दिवस शाळेत येणारा एक पोरगा त्यांचा गोलकीपर झाला, आणि रोज येऊ लागला.

पुढच्या वर्षी संघ तालुक्याच्या स्पर्धेला गेला. पहिल्या सामन्यात बरोबरी, दुसऱ्यात बरोबरी, तिसऱ्यात हार. पालक संतापले. पोरांचा अभ्यास बुडतो, मास्तरला खेळातले कळत नाही, जिंकता येत नव्हते तर नेले कशाला? सभा झाली. अर्ज करायचे ठरले. आणि वाचकहो, तो अर्ज मी लिहिला. अक्षर चांगले, भाषा चांगली, वर कादंबरीकार म्हणून थोडीफार कीर्ती! दोन पानांत मी त्या माणसाची अशी काही वाट लावली की वाचणाऱ्याच्या मनात शंका राहू नये. मी सात कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यांनी कोणाचे काही बदलले असे मला माहीत नाही. त्या दोन पानांनी मात्र आठवड्यात काम केले. त्यांच्याकडून संघ काढून घेतला गेला. त्यांच्या जागी दुसरे कोणी पुढे आले नाही. मीही गेलो नाही.

पुढच्या वर्षी आमच्या शाळेने तालुक्यात एकही गुण गमावला नाही, कारण संघच नव्हता. गोलकीपरने दिवाळीनंतर शाळा सोडली. वीटभट्टीवर जातो असे कळले. त्या शिक्षकांनी मला कधी एका शब्दाने विचारले नाही. शिक्षककक्षात समोरासमोर बसून आम्ही वर्षभर चहा प्यालो. अर्जातले अक्षर त्यांनी ओळखले नसेल असे मला वाटत नाही, कारण त्यांच्याच वर्गाच्या निकालपत्रांवर नावे मी लिहून देत असे.

म्हणून पानठेल्यावर तो पोरगा "याले हाकला" म्हणाला, तेव्हा मला त्याचा राग आला नाही. माझाच आवाज ऐकू आला.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतात. गावोगावी रात्रभर नाटके रंगतात, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, कोणी कोणाच्याही घरी जाऊन बसतो आणि जुनी भांडणे चहाच्या कपात विरघळतात. ते शिक्षक आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या गावची मंडई कधी आहे ते मी विचारून ठेवले आहे. घरच्यांनी त्यांच्यासाठी फराळाचा वेगळा डबा भरायचे कबूल केले आहे. साकोलीहून एक नवा फुटबॉल आणि हवा भरायचा पंप आणून ठेवला आहे. पानठेल्यावरच्या त्या पोरालाही बरोबर घेणार आहे. तो गाडी चालवील, आणि वाटेत त्याला ही सारी हकीकत सांगता येईल. दारात उभा राहिल्यावर गुरुजींना पहिले वाक्य काय म्हणायचे, ते मात्र सात कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला अजून सुचलेले नाही.